जॉर्ज इनचा मालक कोण? आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार दादा,

साउथवर्कमधल्या जॉर्ज इन या जुन्या सराईच्या अंगणात पावसात उभं राहावं लागलं, वहिनींचे बूट भिजले, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. दोनच तारे दिलेत, तेही सोसलं. पण ‘गाइड मालकीबद्दल थापा मारतो, पाटीवर भलतंच नाव आहे’ हे मात्र लागलं. लंडनला येणारी आपली मंडळी बुकिंगआधी हेच वाचतात, आणि साउथवर्कच्या या फेरीवर माझं घर चालतं.

पाटीवर ग्रीन किंगचं नाव आहे, कबूल. ती कंपनी तिथे पब चालवते, भाडेपट्ट्याने. इमारत नॅशनल ट्रस्टची, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेची. पुण्यातल्या वाड्यात मालक एक आणि रस्त्याकडचं दुकान दुसऱ्याचं, तसंच हे. आणि हा प्रकार आजकालचा नाही. 1676 च्या आगीत सराई जळाली, तेव्हा ती पुन्हा बांधली भाडेकरूने, मार्क वेलंडने, स्वतःच्या पैशाने. मालकाने त्याचं भाडं कमी केलं, बस्स. 1677 ची तीच इमारत आपण पाहिलीत. पुढे 1849 मध्ये ती गाय्ज हॉस्पिटलने घेतली, 1874 मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने. रेल्वेला गोदामांसाठी जागा हवी होती. 1889 मध्ये दोन बाजू पाडल्या. ‘अर्धीच सराई दाखवली’ असं आपण लिहिलंय. अहो, उरलीच तेवढी! सज्जे असलेली लंडनमधली ती एकच सराई शिल्लक आहे. तीही 1937 मध्ये रेल्वेने ट्रस्टला देऊन टाकली म्हणून निभावली.

हे सगळं मी त्या दिवशीही सांगितलं होतं. त्या वेळी आपण कमानीबाहेर फोनवर होतात. रागाने म्हणत नाही, घरचा फोन असेल. परत आलात तेव्हा ‘ट्रस्ट’ एवढंच कानावर पडलं आणि समोर पाटी दिसली, तिथेच घोळ झाला असावा. बिअर फेरीच्या दरात धरलेली नाही, हे बुकिंग करताना लिहिलेलं असतं.

पावसाची काहीतरी सोय बघतो. शनिवारी आत बसायला जागा मिळणं माझ्या हातात नाही, तरी विचारून पाहीन. मालकीची गोष्ट मात्र आखडती घेणार नाही, बरेच जण तेवढ्यासाठीच येतात.

वहिनींना नमस्कार. जमलं तर थापांचं ते एक वाक्य तेवढं काढा.