खानदेशातला वसंत चैत्रात शोधू नका

चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, हे शाळेपासून पाठ आहे. खानदेशात ते बसत नाही. चैत्र निम्मा होतो तोवर जळगाव-भुसावळकडे पारा चाळिशी गाठतो आणि वैशाखात दुपारी बारानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. आपल्याकडचा वसंत माघाच्या उत्तरार्धात सुरू होतो, फाल्गुनात भरात येतो आणि पाडव्यानंतर थोड्याच दिवसांत आटोपतो. "आमच्याकडे वसंत नसतोच, थंडी संपली की थेट उन्हाळा," असं दर एप्रिलमध्ये कुणीतरी लिहितंच. मला ते अजिबात पटत नाही. वसंत येऊन गेलेला असतो. आपण चुकीच्या महिन्यात चुकीची गोष्ट शोधत बसतो.

चुकीची गोष्ट म्हणजे पालवी. इथे वसंताची पहिली खूण पानगळ आहे.

सातपुड्याचं आणि अजिंठ्याच्या रांगेचं जंगल कोरडं, पानझडी. ऑक्टोबरनंतर पाऊस नाही, जमिनीतली ओल खाली-खाली जाते. पानांवाटे पाणी सारखं उडत असतं, म्हणून झाड पान टाकून देतं. पान गेल्यावर मुळांनी खालून ओढलेलं पाणी खोडात आणि फांद्यांत साठायला लागतं आणि त्या साठ्यावर कळी फुगते. पावसाचा थेंब नसताना फेब्रुवारी-मार्चात फुलं आणि कोवळी पानं कुठून येतात, याचं उत्तर हे आहे. दुसरा इशारा दिवसाच्या लांबीचा. आपल्या अक्षांशावर डिसेंबरअखेर दिवस पावणेअकरा तासांच्या जरासा वर असतो, २०-२१ मार्चला तो बारा तासांवर येतो. बऱ्याच झाडांची पालवी या वाढत्या दिवसाशी बांधलेली असते.

म्हणूनच तिथीवर फार विसंबू नये. पाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला, २०२६ मध्ये १९ मार्चला. तीन आठवड्यांचा फरक! झाड सूर्यावर चालतं. म्हणून एखाद्या वर्षी पाडव्याच्या पूजेला कडुनिंबाची फुलं हवी तेवढी मिळतात आणि एखाद्या वर्षी नुसत्या कोवळ्या पानांवर भागवावं लागतं.

आता झाडं. पळस, पांगारा आणि काटेसावर या तिघांच्या फोटोंखाली इतकी उलटसुलट नावं फिरतात, की आधी ते सांगतो. काटेसावरीचं खोड सरळसोट, फांद्या खोडापासून आडव्या, मजल्या-मजल्याने निघालेल्या, कोवळ्या खोडावर जाड काटे. फूल तळहाताएवढं, पाच जाड मांसल पाकळ्या, मधे पुंकेसरांचा झुबका. खाली पडताना धप्प आवाज होतो. पांगाऱ्यालाही काटे असतात, पण फुलं फांदीच्या टोकाला घोसात, लालभडक. पळसाला काटे नाहीत, खोड वाकडंतिकडं, रंग केशरी आणि कळ्या काळ्या मखमली. या काळ्या कळ्या दिसल्या की दुसरं काही असूच शकत नाही.

तिघांत सावर बहुधा पहिली. जानेवारी सरता सरता ती पूर्ण उघडी होते आणि लाल फुलं धरते. फुलात पातळ मध भरपूर असतो, त्यामुळे पहाटे त्या एका झाडावर मैना, बुलबुल, कोतवाल आणि भोरड्या सगळे भांडत असतात. भोरड्या म्हणजे गुलाबी मैना, दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) शेतांवर धाडी घालणाऱ्या त्याच. हिवाळाभर शेतकऱ्याला त्यांचा त्रास होतो हे खरं, पण फेब्रुवारीत सावरीवर बसलेल्या भोरडीचं कपाळ बघा, परागांनी माखलेलं असतं. एप्रिलपर्यंत हे थवे मध्य आशियाकडे निघून जातात. आग्या मोहोळही याच सुमाराला उंच सावरींवर दिसायला लागतं. अशा झाडाखाली धूर करायचा नाही, मोठ्याने गाणी लावायची नाहीत.

पळस (अहिराणीत पयस) बरडावर, नाल्याच्या काठाला, काळ्या चिकट जमिनीच्या बांधावर, कुठेही उभा राहतो. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तो टिकला. दुरून झाड पेटल्यासारखं दिसतं हे सगळेच लिहितात. मी म्हणेन, जवळ जा आणि एक फूल हातात घ्या. पाच पाकळ्या आहेत. एक मागे वळलेली, दोन बाजूंना आणि उरलेल्या दोन खालून जुळून चोचीसारख्या वाकलेल्या. ही चोच बोटाने हलकेच खाली दाबा. आतून पुंकेसरांची जुडी बाहेर येते. पक्षी मधासाठी डोकं घालतो तेव्हा नेमकं हेच होतं आणि पराग त्याच्या गळ्याला लागतात. फुलाला वास नाही, कारण बोलवायचं पक्ष्याला आहे आणि त्याला रंग पुरतो. पानं नसताना फुलण्याचा फायदाही इथेच, लांबून दिसतं. एवढ्या फुलांतून शेंगा मात्र थोड्याच धरतात. चपटी शेंग, टोकाला एकच बी, आणि बाकीची शेंग वाऱ्यावर तरंगायला.

होळीला या फुलांचा रंग करणारे वाढले आहेत, चांगलं आहे, पण अर्धे लोक पहिल्याच पायरीला फसतात. ओली फुलं पिशवीत कोंबून ठेवली की दुसऱ्या दिवशी तापतात, बुरशी धरतात आणि रंग मळकट येतो. झाडावरची तोडू नका, सकाळी खाली पडलेली ताजी वेचा. मागचा काळसर देठाकडचा भाग काढून टाका, रंग त्यानेही गढूळ होतो. सावलीत कापडावर एकाच थरात पसरा, तीन-चार दिवसांत कुरकुरीत होतात. साधारण १०० ग्रॅम सुकी फुलं दोन लिटर पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळा, रात्रभर तशीच राहू द्या, सकाळी कापडातून गाळा. पिवळा-केशरी रंग मिळतो. खायच्या चुन्याची अगदी चिमूट टाकली तर तो गडद केशरी होतो. चिमटीपेक्षा जास्त नको, चुना त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतो. लहान मुलं खेळणार असतील तर चुना टाकूच नका. हा रंग दोन दिवसांत आंबतो, तेव्हा लागेल तेवढाच करा.

सातपुड्यातल्या पाल, मनुदेवी, तोरणमाळ किंवा चाळीसगावजवळच्या पाटणादेवीकडे जाणार असाल तर गणेरी चुकवू नका. खडकाळ उतारावर, एकही पान नसलेल्या वेड्यावाकड्या फांदीवर, वाटीएवढी झगझगीत पिवळी फुलं. हिला पिवळी सावर किंवा सोनसावरही म्हणतात. हिच्यात मध नाही, नुसते पराग आहेत आणि तेही परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रात बंद. भुंगा फुलाला बिलगून पंखांचे स्नायू थरथरवतो, तेव्हा पराग उडून बाहेर येतात. सकाळच्या उन्हात फुलाजवळ कान नेलात तर भुंग्याच्या आवाजाची पट्टी एकदम बदलते, ती ऐकू येते. माझ्या मते आपल्या डोंगरातलं फाल्गुनातलं हे सगळ्यात देखणं झाड आहे आणि पळसाच्या गवगव्यात त्याच्याकडे कुणी बघत नाही. तोरणमाळ अकराशे मीटरहून उंच आहे, तिथे पहाटे गारवा जास्त दिवस टिकतो. खाली तळोदा-शहाद्याकडे उरकलेला बहर वर थोडा उशिरापर्यंत सापडू शकतो.

पक्ष्यांत लोक कोकिळेची वाट बघतात. तो आवाज खराच, पण मला तांबट जास्त भरवशाचा वाटतो. फेब्रुवारीच्या उन्हात, वडा-पिंपळाच्या शेंड्यावर बसून तो "टुक-टुक-टुक" सुरू करतो, मिनिटाला शंभरच्या आसपास, चोच मिटूनच, गळा फुगवून. मान इकडून तिकडे वळवत असल्याने आवाज कुठून येतोय ते कळत नाही. तो दिसायला हवा तर सगळ्यात वरची वाळकी फांदी बघा. घरटं तो वाळक्या फांदीतच कोरतो, भोक खालच्या अंगाला. रस्त्याकडेची "मेलेली" फांदी म्हणून फेब्रुवारी-मार्चात छाटणी होते, तेव्हा हीच घरटी जातात. जांभळा शिंजीरही बघण्यासारखा. थंडीत नर मळकट पिवळा, छातीवर मधोमध काळी रेघ असा दिसतो आणि फेब्रुवारीपर्यंत अंगभर काळा-जांभळा, धातूसारखा चमकायला लागतो. अर्धा रंगलेला नर दिसला की समजा, बदल चालू आहे. हतनूर धरणाच्या पाण्यावर उलटं घडतं. तिथे वसंत गर्दी ओसरण्यातून दिसतो, मार्चमध्ये चक्रवाकांच्या जोड्या आठवड्या-आठवड्याला कमी होत जातात.

शेतातली खूण मी केळीत बघतो. रावेर-यावल पट्ट्यात थंडीत पारा दहाच्या खाली गेला की केळी थिजते. सोळा अंशांच्या खालीच वाढ मंदावते, पानं शेंड्यात दाटतात आणि निसवणीला (घड बाहेर पडायला) आलेल्या झाडात घड अडकतो. मग ऊब येते आणि एका आठवड्यात पोंगा (शेंड्यातलं गुंडाळलेलं कोवळं पान) भराभर उलगडायला लागतो. हे मोजता येतं. दहा-बारा झाडं निवडा, सगळ्यात नव्या, पूर्ण उघडलेल्या पानाच्या देठावर रंगाने खूण करा, तारीख लिहा आणि पंधरा दिवसांनी खुणेच्या वरची पानं मोजा. कडक थंडीत एकेका पानाला दोन-अडीच आठवडे लागतात, ऊब आली की सात-आठ दिवस. हा वेग पकडला की पाण्याची आणि खताची गरजही त्याच वेगाने वाढते. नेमकं इथेच चुकतं. थंडीतलंच पाणी चालू ठेवलं जातं आणि मार्चअखेर कोरडा पश्चिमी वारा सुटला की पानं फाटतात, कडा करपतात. वारा अडवायला शेवरीची कड लावायची असेल तर ती लागवडीबरोबरच लावावी लागते, मार्चात आठवण येऊन उपयोग नसतो.

आंब्याच्या मोहराबद्दल थोडक्यात. मोहर ही वसंताची खूण धरू नका, तो डिसेंबर-जानेवारीतही येतो. खूण आहे ती वाटाण्याएवढ्या कैऱ्यांची. त्या खाली गळलेल्या बघून घाबरायचं कारण नाही, एका तुऱ्यात शेकड्यांनी फुलं असतात आणि त्यातून एक-दोन फळं टिकली तरी झाड भरतं. ढगाळ हवेनंतर मोहर चिकट होऊन काळा पडला तर ते तुडतुड्यांचं काम, पांढरी पूड दिसली तर भुरी.

कडुनिंबाचं सांगायलाच हवं. फेब्रुवारीअखेर तो पिवळा पडून उघडा होतो आणि लोक घाबरून एक तर बादल्या ओततात किंवा "वाळला" म्हणून कुऱ्हाड लावतात. तोडण्याआधी बारीक फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवी-ओली निघाली तर झाड ठणठणीत आहे, दोन-तीन आठवडे थांबा. आधी तांबूस पालवी, मग मार्चअखेरपासून पांढरी फुलं, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोके बांधायच्या वेळेपर्यंत दाट सावली. फेब्रुवारीत शेंडे छाटलेल्या निंबाला ती सावली त्या वर्षी धरत नाही.

शेवटची खूण मोह, आणि माझी सगळ्यात मोठी तळमळही तीच. मार्चमध्ये मोहाची पानं गळतात, फांद्यांच्या टोकाला कळ्यांचे झुबके येतात. फूल रात्री उमलतं आणि पहाटे त्याची रसाळ, मलईच्या रंगाची पाकळी टपटप खाली पडते. अक्कलकुवा, धडगाव, चोपड्याच्या पाड्यांवर घराघरांत हे उत्पन्न आहे. पण पडलेलं फूल पाल्यात दिसत नाही म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. दुपारी वारा उठतो, आग झाडाखालून सरकते आणि डोंगर जळतो. सागाची, अंजनाची कोवळी रोपं, जमिनीवर अंडी घालणाऱ्या तितर-लाव्यांची घरटी, सगळं त्यात जातं. मोहाचं स्वतःचं रोपही जळतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी म्हातारे मोह उभे आहेत आणि त्यांच्याखाली एकही तरुण झाड नाही.

याला उपाय आहे आणि तो महागही नाही. फुलं सुरू व्हायच्या आठवडाभर आधी पाला खराट्याने ओढून झाडापासून लांब, खड्ड्यात टाकायचा, पावसाळ्यानंतर त्याचं खत होतं. जुन्या साड्या किंवा बारीक विणीची शेडनेट जोडून झाडाच्या घेराएवढी अंथरायची, चार कोपरे खुंट्यांना बांधून जमिनीपासून हातभर वर ठेवायचे. फुलाला माती लागत नाही, त्यामुळे भावही बरा मिळतो. ऊन चढायच्या आत वेचून घ्यायचं, नाहीतर फूल मऊ पडून आंबतं. नंतर स्वच्छ कापडावर पातळ थरात तीन-चार दिवस वाळवायचं, रोज एकदा हलवायचं. मुठीत दाबून पाणी सुटत नाही आणि फूल तपकिरी झालं की पोत्यात भरायचं. ज्यांच्या गावाजवळ मोह आहेत त्यांनी यंदा एका झाडाखाली तरी हे करून बघा. जाळी लावायची वेळ फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आहे.