सिंगापूर–बँकॉक: जाताना दीड तास, येताना साडेतीन?

‘सिंगापूरहून १,८०० किमीवरच्या बँकॉकला विमान दीड तासात पोचतं, परतीला साडेतीन तास लागतात, कारण पृथ्वी पूर्वेकडे फिरते. तिकिटावरच्या वेळा एकाच घड्याळाच्या असतात, घड्याळ बदलू नका. बँकॉकचे दोन्ही विमानतळ शेजारी आहेत.’ हा मेसेज आता मावशीपर्यंत पोचलाय आणि तिने तो खरा मानलाय. पुढच्या महिन्यात ती याच मार्गाने परतणार आहे.

पृथ्वी फिरते तशी हवाही तिच्याबरोबर फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. शिवाय नकाशा तरी उघडा! बँकॉक सिंगापूरच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. सिंगापूरचा चांगी आणि बँकॉकचा सुवर्णभूमी या विमानतळांच्या रेखांशांत फरक जेमतेम सव्वातीन अंशांचा.

आता हिशोब. हवाई अंतर सुमारे १,४१० किमी. ते दीड तासात कापायचं तर धावपट्टीपर्यंतचं रांगणं धरूनही सरासरी ताशी ९४० किमी वेग हवा. या मार्गावरची विमानं पूर्ण उंचीवर गेल्यावर ताशी ८३० ते ९०० किमीने उडतात, तीही मधला काही वेळच. दारं बंद झाल्यापासून उघडेपर्यंत दोन्ही दिशांना अडीच तासांच्या आसपास लागतात. मेसेजमधलं १,८०० किमी हे अंतर रस्त्याचं आहे.

मग दीड आणि साडेतीन आले कुठून? तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची असते. सिंगापूर बँकॉकच्या एक तास पुढे. जाताना तो तास कमी दिसतो, येताना जास्त. सूर्यावरून पाहिलं तर दोन्ही शहरांत तेरा-चौदा मिनिटांचाच फरक आहे. पण १ जानेवारी १९८२ला मलेशियाने द्वीपकल्पातली घड्याळं अर्धा तास पुढे केली, सिंगापूरनेही तेच केलं आणि तेव्हापासून हा पुरा तास आहे.

वाऱ्याने फरक पडतो, तेवढं मान्य. मुंबईहून लंडनला जायला परतीपेक्षा जास्त वेळ लागतो तो त्यामुळेच. या मार्गावर मात्र तो फरक मिनिटांत मोजायचा.

खरं नुकसान घड्याळ न बदलण्याच्या सल्ल्यात आहे. समजा, बँकॉकहून दुपारी ३ला निघून सिंगापूरला ६.२५ला उतरलात आणि मुंबईचं विमान ८ला आहे. मनगटावर ५.२५ दिसतात, म्हणजे हाताशी अडीच तास आहेत असं वाटतं. असतो फक्त दीड. तिकिटं वेगवेगळी असतील तर इमिग्रेशन, बॅगांचा पट्टा आणि पुन्हा चेक-इन. बॅगा घेणारं काउंटर बहुधा तासभर आधी, म्हणजे ७ला बंद होतं. तेव्हा मनगटावर ६च वाजलेले असतात. फोन नेटवर्क मिळालं की वेळ आपोआप बदलतो, हातातलं घड्याळ बदलत नाही.

‘बँकॉकचे दोन्ही विमानतळ शेजारी’ हेही चूक. डॉन मुआंग आणि सुवर्णभूमी शहराच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत, रस्त्याने ४० किमीहून जास्त. तिकिटावर डीएमके (डॉन मुआंग) आहे की बीकेके (सुवर्णभूमी), ते आधी बघा. एकावर उतरून दुसऱ्यावरून निघायचं असेल तर मध्ये पाच-सहा तास ठेवा.