तिठ्यावरचं गोरं पोर

कालपासून मी बाजारात जायला मागची पाणंद धरली आहे. वाट दुप्पट पडते, पण तिठ्यावरचा फ्लेक्स चुकतो. सहा फूट बाय चार. शेजारी शिमग्याच्या रोंबाटाच्या वेळापत्रकाचा फ्लेक्स, आणि हा पहिल्या वाढदिवसाचा. वर बदामात शुभेच्छा, खाली गोल चकत्यांमध्ये अठरा शुभेच्छुक, मधोमध आमच्या शेजारघरची नात. ही नात गुळाच्या रसाच्या रंगाची आहे. फ्लेक्सवर ती तांदळाच्या शिरवाळ्यासारखी पांढरी आहे. गालांवर कोकम सांडल्यासारखी लाली. उजव्या कोपऱ्यात जो धूसर गुलाबी डोंगर दिसतो, तो आत्येचा अंगठा.

हा फोटो माझा नव्हे. ती सहा महिन्यांची असताना मी काढलेले एकशे बेचाळीस फोटो भाद्रपदापासून माझ्या हार्डडिस्कवर पडून आहेत.

आमच्याकडे बाळाचा फोटो काढायचा म्हणजे पहिलं भांडण घराशी. कौलारू घर बांधताना पाऊस आणि ऊन बाहेर ठेवायचा विचार झालेला असतो, बाळाच्या चेहऱ्याचा नव्हे. माजघरात भर दुपारी वांगं कुठलं आणि बाळ कुठलं कळत नाही. मधोमध एक काचेचं कौल असतं, आणि कौतुकानं त्याच्याच खाली बाळाला बसवतात. तो उजेड सरळ डोक्यावर पडतो. टाळू चमकते, डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, आणि सहा महिन्यांचं मूल कर्जबाजारी दिसतं. फ्लॅशचा उपयोग नाही. शहरात तो पांढऱ्या छतावर मारून मऊ करतात. इथे वर बारा फुटांवर काळवंडलेले वासे आणि लाल कौलं, तिथून काय परत येणार? समोरून मारला तर कपाळ तेलाच्या दिव्यासारखं झळकतं.

म्हणून पडवी. छपराची कड संपते तिथून दोन-तीन फूट आत बाळ बसवायचं, तोंड अंगणाकडे थोडं तिरपं. वरचा उजेड छप्पर अडवतं, समोरून आणि बाजूनं येणारा तेवढा उरतो, आणि दोन्ही डोळ्यांत अंगणाचा पांढरा ठिपका उमटतो. हा ठिपका नसेल तर डोळे मेलेल्या बांगड्याचे वाटतात. पावसाळी ढगाळ सकाळ सगळ्यांत चांगली, कारण आख्खं आभाळच पडद्याचं काम करतं. ऊन असेल तर अंगण तापायच्या आत किंवा पडवीच्या सावलीच्या बाजूला. एक अडचण राहते: जांभ्याचं अंगण खालून लाल रंग फेकतं आणि बाजूची केळ हिरवा, त्यामुळे हनुवटी लाल आणि कान हिरवा येतो. त्यावर उपाय म्हणजे बाळाखाली आणि पुढ्यात चांगला हातभर पांढरा पंचा अंथरायचा, आणि अंधाऱ्या बाजूला गालापासून दोनेक फुटांवर पांढरी चादर धरायची. मी मखराचा जुना थर्माकोल लावला. 2018 च्या बंदीच्या आधीचा आहे, माळ्यावर होता. गणपतीत काढायची सोय नाही, बाळाला चालतो.

झबलं साधं, फिकं, धुवून मऊ झालेलं. पोपटी फ्रॉक घातला की तो रंग सरळ हनुवटीखाली चढतो, आणि जाळीचा घातला की बाळ रडतं. वेळ म्हणाल तर दूध पिऊन अर्धा तास झाल्यावर. त्याआधी बसवलं तर ते दूध झबल्यावर येतं, फार उशीर केला तर बाळ झोपेला येतं. मध्ये वीस मिनिटं मिळतात. त्या वीस मिनिटांत घरातले आठ जण पडवीत येतात.

कॅमेरा बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर पाहिजे, म्हणजे आपण लादीवर पोटावर. उभ्यानं काढलं तर नुसतं जावळ येतं. फोन असेल तर एका फुटावरून काढू नये, जवळून नाक मोठं आणि कान गायब होतात. पाच फूट मागे सरून दोन पट झूम घ्यावा. पाठीमागचं धूसर करणारा मोड बंद, तो जावळाची कड कात्रीनं कापल्यासारखी खातो. कॅमेरा असेल तर 50 किंवा 85 मिमीची लेन्स, शटर सेकंदाच्या 1/250 पेक्षा हळू नको, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) 1600 पर्यंत गेला तरी जाऊ दे. दाणे आलेले चालतात, हललेलं चालत नाही. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ 4. हौसेनं ते मोठं उघडून 1.8 वर काढलं की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धुक्यात. फोकस जवळच्या डोळ्यावर. सहा महिन्यांचं मूल टेकू देऊन बसतं, पण कधी कलंडेल सांगता येत नाही, तेव्हा कुणीतरी हाताच्या अंतरावर हवंच. कुणीतरी एक. आठ नव्हे.

(लेन्सचं विचारलंच कुणी तर: आमच्या हवेत ती पिशवीत ठेवली की दोन पावसाळ्यांत आत बुरशीची जाळी धरते. माझी पापडाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असते. तांदळात ठेवू नये, पीठ बसतं.)

आता आत्ये. ही बाळाच्या आजोबांची बहीण, पण गावातल्या निम्म्या लोकांची आत्ये. मी आडवा होऊन फोकस लावतोय तोवर ती देव्हाऱ्यातली घंटा घेऊन उजवीकडे उभी राहिली. आजोबा डावीकडून शीळ घालत होते. काकूंनी "उजेड करतंय" म्हणून पडवीची ट्यूब लावली, म्हणजे अर्धा चेहरा निळा. बाळ बिचारं घंटेकडे बघे, मग शिळेकडे. पन्नास फोटोंत ते रस्ता ओलांडताना दिसतं.

खरं तर आवाज एकानंच करायचा, लेन्सच्या अगदी मागून, हळू, आणि एकदाच. कुक म्हणायचं, थांबायचं, भॉक म्हणायचं. बाळाच्या तोंडावरचा आनंद आवाजानंतर येतो, तेव्हा बोट त्या क्षणासाठी राखून ठेवायचं. तिसऱ्या भॉकला बाळ कंटाळतं.

"आत्ये, घंटा नको गे. हय माझ्या मागे येवन उभी रव."

"तुज्या मागे रवलंय तर माका चेडू कसां दिसतलां?"

"तुका कित्याक दिसाक व्हया? तेका तू दिसाक व्हयी."

"मिया तेका रोज दिसतंय."

यावर उत्तर नव्हतं. मी फोटो काढत राहिलो. मग तिनं माझ्या खांद्यावरून वाकून कॅमेऱ्याचा स्क्रीन बघितला, चष्मा वर करून, परत खाली करून.

"ह्यां काय? काळां काढलंस!"

इथे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं की पहिले चार-पाच खरंच काळे होते. दोष पंचाचा. एवढं पांढरं समोर आलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळंच गडद करतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोतल्या उजेडाचं माप, दोन तृतीयांश स्टॉप वर न्यायचं. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरायचं, कुलूप पडलं की सूर्याचं चिन्ह किंचित वर सरकवायचं. मी नेलं. गुळाच्या रसाचा रंग बरोब्बर उतरला. दाखवला.

"काळांच आसा."

"आत्ये, काळां नाय. जसां आसा तसां काढलंय."

"जसां आसा तसां आमी रोज बघतोच मां! मगे फोटो कित्याक व्हयो?"

आठ जणांनी माना डोलावल्या. आईनंसुद्धा.

मला हसू आलं होतं, ते इथपर्यंतच. सहा महिन्यांच्या पोरीला रोज बेसन-सायीनं घासतात, मुंबईहून पावण्यांचा फोन आला की आधी विचारतात गोरी आहे ना, आणि फोनात चेहरा उजळायची सोय आधीच चालू असते, न मागता. ती बंद करायची खिटी सेटिंगमध्ये कुठेतरी आत असते, आणि बंद केली की घरातले म्हणतात फोन बिघडला. पोरीनं अजून आरसा धड बघितलेला नाही.

तर आत्येनं कमरेचा फोन काढला. बसल्या जागेवरून, उजेडाकडे पाठ करून, एका हातानं, अंगठा लेन्सवर अर्धा. उजळायचा आकडा शेवटच्या घरात. ना कुक, ना भॉक. नुसतं "गो बाये" म्हणाली, आणि पोर तोंडभर हसली. दोन खालचे दात दिसले. एकशे बेचाळीसमध्ये ते दात नाहीत. हात हलला, फोटो थरथरला, पण हसू आलं, आणि तो फोटो तिथल्या तिथे आठही फोनांवर गेला.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. आत्येनं सकाळीच काजळाची ठसठशीत तीट गालावर लावली होती. फिल्टरला तो डाग वाटला. त्यानं पुसून टाकला.

आज पाणंदीत झाड आडवं पडलं होतं म्हणून तिठ्यावरूनच जावं लागलं. फ्लेक्सखाली आंबे काढायची शिडी लावलेली. वर शेजारचा पोरगा, हातात काळा मार्कर. खाली आत्ये.

"थय नाय रे मेल्या! डाव्या गालार! मोठी काढ, लांबसून दिसाक व्हयी!"