गंजलेल्या सळईवर गुळगुळीत गिलावा

मुलुंड, भांडुप, बोरिवली किंवा ठाणे, कुठल्याही उपनगरात ऐंशीच्या दशकात उभ्या राहिलेल्या सोसायटीच्या जिन्यात मान वर करून पाहावे. बीमच्या खालच्या कडेने गेलेली लांब, सरळ भेग हमखास दिसते आणि तिच्यावरून फिरवलेला पुट्टीचा ताजा हातही दिसतो. आमच्या इमारतीत या हात फिरवण्याला ‘स्ट्रक्चरल रिपेअर’ असे भारदस्त नाव देऊन प्रत्येक सभासदाकडून घसघशीत वर्गणी घेण्यात आली, वर अठरा टक्के जीएसटीही भरण्यात आला, आणि दुसरा पावसाळा सरतो न सरतो तोच त्याच बीमखाली, त्याच जागी पोपडा सुटला. पार्किंगमध्ये लहान मुले खेळतात त्याच्या नेमका वर.

भेग सरळ असते, कारण तिच्या आत सळई सरळ गेलेली असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये मुरतो, काँक्रीटची अल्कता उतरते आणि तिच्यामुळे सळईला गंजापासून असलेले संरक्षण संपते. त्यात वरच्या न्हाणीघराचे पाणी झिरपत असेल तर विचारायलाच नको. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो आतून रेटा देत वरचे काँक्रीट फोडून काढतो. म्हणजे दुखणे लोखंडाचे आहे, आणि उपचार मात्र रंगाऱ्याकडून चालू आहेत.

काम कसे व्हायला हवे होते, हे आमच्याच निविदेत छापलेले आहे. सळई मागच्या बाजूनेही मोकळी होईपर्यंत काँक्रीट फोडावे, गंज पूर्ण घासून काढावा, झिजलेल्या सळईला नवी जोड द्यावी, गंजरोधक लेप लावून तो वाळू द्यावा आणि मगच पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल, थराथराने भरावे. कॉलमला हात लावण्यापूर्वी टेकू द्यावेत. प्रत्यक्षात परांचीवरच्या कामगाराने सुटे पोपडे तेवढे हातोडीने पाडले, पापुद्रे धरलेल्या सळईवरून ब्रश एकदा फिरवला न फिरवला आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तिच्यावर गिलावा थापला. पॉलिमरचे सीलबंद डबे गच्चीवर कमिटीला दाखवण्यापुरते मांडून ठेवले होते, आणि खाली घमेल्यात सिमेंट-वाळूचा माल अंदाजपंचे कालवला जात होता. त्या कामगाराला मी दोष देणार नाही. त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. पण बिल चौरस फुटांवर निघते, किती खोल फोडले यावर नाही, त्यामुळे जितके कमी फोडावे तितका कंत्राटदाराचा फायदा. आणि ज्या सल्लागाराने हे थांबवायचे, त्याची फी त्याच बिलाच्या टक्केवारीत ठरलेली! ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीन हे अल्कता दाखवणारे रसायन फवारले की निरोगी भाग गुलाबी होतो आणि बाधित भाग तसाच राहतो. इतकी सोपी चाचणी करून दाखवा, एवढीच माझी मागणी होती. ‘आता कशाला वेळ घालवता,’ असे उत्तर मिळाले.

आणि आमचे सभासद तरी काय वेगळे आहेत? ‘रिडेव्हलपमेंट होणारच आहे, मग आता खर्च कशाला,’ हे पालुपद मी इतकी वर्षे ऐकतो आहे की ते पहिल्यांदा म्हणणाऱ्यांची नातवंडे आता नोकरीला लागली. बिल्डर येतात, चटईक्षेत्राची स्वप्ने दाखवतात, कोणाला किती जास्तीची जागा यावर दोन गट पडतात, बिल्डर निघून जातात आणि सळई मात्र गंजतच राहते. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) दुरुस्ती निधी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का जमवायचा असतो; आम्ही चाळीस वर्षांपूर्वीच्या बांधकाम खर्चावर तो मोजत राहतो आणि मग आजच्या दराचे कोटेशन पाहून छातीत धरल्यासारखे करतो. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करावे, असेही त्याच उपविधींत लिहिलेले आहे, आणि मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम 353-ब तीस वर्षांनंतर इमारतीच्या स्थैर्याचे प्रमाणपत्र मागते. आमचा ऑडिट अहवाल सेक्रेटरींच्या कपाटात आहे. त्याची प्रत मागितली की ‘उगाच लोक घाबरतील, फ्लॅटचे भाव पडतील,’ असे सांगण्यात येते. स्लॅब पडला तरी चालेल, भाव पडता कामा नये.

परवा वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका हाती आली. बाहेरील रंगाची छटा निवडणे हा त्यात स्वतंत्र, ठळक विषय आहे. पोपडा सुटलेल्या बीमची तक्रार मी लेखी दिली होती. ती ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांत’ घेता येईल, असे तोंडी कळवण्यात आले आहे.