सहा इंचांत पटकथा

पटकथा वाचायची हौस असलेल्या माणसाने ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, घेऊ नये. घेतलाच, तर "डोळ्यांना त्रास नको म्हणून घेतोय" असं घरी सांगू नये. आमच्याकडे मी चष्मा कपाळावर चढवून यंत्र नाकाला टेकवलं, की या वाक्याची आठवण करून दिली जाते.

मूळ खोड टाइपरायटरच्या जमान्यातली. हॉलिवूडची पटकथा आजही कुरियर नावाच्या टाइपात, १२ पॉइंट आकाराच्या अक्षरांत, साडेआठ बाय अकरा इंचांच्या कागदावर असते. डावीकडे दीड इंच समास, कारण तिथे भोकं पाडून पितळी पिना घालायच्या. संवाद मधल्या अरुंद पट्टीत. असं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. हिशेब चोख! पण माझं यंत्र सहा इंची, तेही कर्णात मोजलेलं. रुंदी जेमतेम साडेतीन. अख्खं पान त्यात बसवलं की १२ पॉइंटांचे पाच होतात.

मग कुणीतरी म्हणतं, पीडीएफचं ई-बुकमध्ये रूपांतर कर की. केलं. अक्षरं ठसठशीत आली. पण या यंत्राला मुंबईच्या बिल्डरसारखी मोकळी जागा बघवत नाही. समास, पट्ट्या, सगळं सपाट करून त्याने ओळीला ओळ जोडली. मित्राची मराठी पटकथा होती. वेलांट्या शेजारच्या अक्षरांकडे राहायला गेल्या, 'दबक्या आवाजात' ही सूचना नायिका स्वतःच बोलू लागली आणि ऐन रडारडीत पानाचा आकडा घुसला: "तुझ्याशिवाय मी ४७ जगू शकत नाही, राघव राघव दार लावून घेतो." (मित्राला मात्र हा प्रसंग आवडला.)

त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे समास छाटून यंत्र आडवं धरायचं. अक्षर साडेनऊ पॉइंटांपर्यंत जातं, चष्मा नाकावर परततो. मात्र एका पानाचे दोन-तीन तुकडे होतात. विनोदाची तयारी एका तुकड्यात, विनोद पुढच्यात. मध्ये पडदा काळा-पांढरा लुकलुकतो, तेवढ्यात हसू विरून जातं. मिनिटाचा हिशेबही गेलाच.

शेवटी वैतागून पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो. पोऱ्याने पानं खालीवर सरकवून पाहिली आणि आपुलकीने म्हणाला, "काका, निम्मं पान कोरंच आहे. एका कागदावर दोन-दोन बसवून देऊ?"