आठ फुटांवरचा खटका

परभणीला उन्हाची ददात नाही. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आम्ही छाती पुढे काढून सांगतो. पण जर्मनीवाल्यांनी आमच्याहून कितीतरी कमी उन्हात घरोघर सोलर बसवलं, आणि आम्ही एवढ्या उन्हात फक्त कुरडया वाळवल्या. निवृत्त झाल्यावर ही चूक दुरुस्त करायची मी ठरवलं. 2024 साली पीएम सूर्यघर योजना आलीच होती. तीन किलोवॅटला 78 हजार अनुदान. गच्चीवर 540 वॅटचे सहा पॅनेल बसले. कुरडयांची जागा सोडून बसले, कारण घरात त्याबद्दल वाटाघाटी झाल्या होत्या आणि त्या मी हरलो होतो.

सगळं दोन दिवसांत उरकलं. तिसऱ्या दिवशी वायरमननं लाल दांडीचा एक डबा, म्हणजे सोलर बंद करायचा खटका, माझ्यापुढं धरला.

"सर, ह्यो कुठं ठोकू?"

"ठोक की मीटरशेजारी."

"तसं नाही सर. नियम हाय."

नियम त्याच्या मोबाइलमध्ये होता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा, 2013 सालचा. खटका पाडल्यावर तार तुटलेली नुसत्या डोळ्यांना दिसली पाहिजे. चालू-बंदच्या खुणा स्पष्ट हव्यात. बंद स्थितीत कुलूप घालता आलं पाहिजे. वीज कंपनीच्या माणसाला चोवीस तासांत केव्हाही, घरमालकाला न विचारता, झटकन आणि सोयीनं तिथं पोचता आलं पाहिजे. आणि हा खटका जमिनीपासून किमान 2.44 मीटर उंचीवर हवा.

एकतीस वर्षं गणित शिकवलंय. 2.44 मीटर म्हणजे आठ फूट. मी पाच फूट तीन इंच, वायरमन चपलेसकट पाच-सहा. सोयीनं पोचायचं, आणि आठ फुटांवर! एका नळानं भरणारी आणि दुसऱ्यानं रिकामी होणारी टाकी मी जन्मभर पोरांच्या माथी मारली, तिचा कुणीतरी सूड उगवला म्हणायचा.

खटक्यामागचं कारण मात्र हसण्यासारखं नाही. लाइन बंद करून माणूस खांबावर चढतो. तेवढ्यात आमच्या गच्चीवरची वीज उलटी लाइनमध्ये गेली, तर त्याचा जीव जायचा. म्हणून बाहेरचा पुरवठा गेला की पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारा इन्व्हर्टर आपोआप गप्प बसतो. तरी खांबावरच्या माणसानं यंत्राच्या शब्दावर का विसंबावं? त्याला तुटलेली तार स्वतः बघायची असते, वर आपलं कुलूप घालायचं असतं. बरोबरच आहे.

हे सगळं मी घरात समजावून सांगितलं. सौ.नी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे लाइट गेली की आपलीबी जाणार?"

"जाणार."

"भर उन्हात?"

"भर उन्हात."

"मग हे बसवलं कामून?"

हा प्रश्न पुढं महिनाभर गल्लीत फिरत होता. लाइट गेली की शेजारचे मोबाइल चार्ज करायला यायचे आणि आमचा पंखा बंद बघून आनंदानं परत जायचे.

खटका अखेर फाटकालगतच्या भिंतीवर आठ फुटांवर बसला. आता शिडी आली. मालकाला न विचारता पोचायचं म्हणजे शिडी बाहेर हवी. शिडी बाहेर ठेवली तर आठवडा टिकणार नाही. साखळीनं बांधली तर किल्ली माझ्याकडं, म्हणजे मला विचारणं आलंच. वायरमन म्हणाला, "सर, त्यायच्याकडं शिडी असतीच." हे तो आधी बोलला असता तर माझी एक रात्र वाचली असती.

त्याच रात्री ह्यूस्टनहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो तिकडं विजेचीच कामं करतो. "मामा, आठ फूट? आमच्याकडं खटक्याची दांडी सहा फूट सात इंचांच्या वर गेली तर नापास करतात!" अमेरिकेच्या खटक्याला भारतात बंदी आणि भारताच्या खटक्याला अमेरिकेत. व्हिसाचं तरी काय वेगळं आहे? जाता जाता त्यानं बजावलं, "पाटी हातानं लिहू नका. उन्हापावसात टिकेल अशी करा. आमच्याकडं लाल पाटीवर पांढरी अक्षरं असतात."

पाटी हवीच होती. वायरमननं क्रम पढवला होता: आधी खालचा एसीचा, म्हणजे घरातल्या विजेचा, खटका बंद, मग गच्चीवरचा डीसीचा, म्हणजे पॅनेलच्या विजेचा. उलटं करायचं नाही. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्याला शिवते, म्हणून खटका उघडताना उडालेली ठिणगी विझते. डीसी शून्याला शिवतच नाही. सहा पॅनेल एकापुढं एक जोडले की तीनशेच्या आसपास व्होल्ट होतात, आणि चालू प्रवाहात तार तोडली तर ठिणगी विझायच्या ऐवजी लांबत जाते. शिवाय दिवसा पॅनेल बंद होत नाहीत. सूर्याला खटका नाही.

फ्लेक्सवाल्या पोराला मजकूर दिला: 'धोका. सौर बंद करण्याचा खटका.' खाली कवटी आणि दोन हाडं.

"सर, फोटो कोणता टाकू?"

"कवटीचा."

"ती खाली टाकतो. वर तुमचा?"

एवढ्यावरून त्याला आवरलं, पण कलावंत तो कलावंत. 'सौर'ची मात्रा त्यानं काना-बिनासकट पिवळी केली, वर किरणं काढली. "सूर्य दिसला पाहिजे ना सर." मला आवडलीही. लाल पाटीचा भाच्याचा सल्ला तेवढा राहून गेला.

मग मे महिना आला. परभणीच्या उन्हानं पाटीवरचा पिवळा रंग आधी खाल्ला. मात्रा गेली, काना गेला, किरणं गेली. काळी अक्षरं ठणठणीत राहिली, आणि फाटकावर आठ फुटांवर, कवटीच्या डोक्यावर, साऱ्या गल्लीला दिसेल अशी पाटी झळकू लागली: 'धोका. सर बंद करण्याचा खटका.'

माझे तीन माजी विद्यार्थी तिच्यासोबत सेल्फी काढून गेले. एकजण म्हणाला, "हा आमच्या वेळी कुठं होता?"

गेल्या आठवड्यात लाइनमध्ये बिघाड झाला. लाइनमन स्वतःची शिडी घेऊन आला, वर चढला, पाटी वाचली आणि आत डोकावून अदबीनं ओरडला, "बाई, सरला बंद करू का?"

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "करा. पण चारला चालू करा, दूध आणायचंय."