रहमान यांचे ८६४ अणू : एका आक्षेपाला उत्तर

तुमचा आक्षेप असा : द्रव आर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर काढणाऱ्या अनीसुर रहमान यांना मी 'रेण्वीय गतिकीचे जनक' म्हटलं (रेण्वीय गतिकी म्हणजे अणू-रेणू कसे हलतात हे संगणकावर पायरीपायरीने काढण्याची रीत), पण आल्डर आणि वेनराइट यांनी १९५७ मध्येच कठीण गोलांवर (फक्त टक्कर झाली तरच एकमेकांवर परिणाम करणाऱ्या काल्पनिक गोलांवर) हे करून दाखवलं होतं. रहमान यांनी तीच रीत मोठ्या संगणकावर चालवली, आणि आज ती लॅपटॉपवरही चालते.

'जनक' हा शब्द चुकला, तो काढतो. उलट तुमच्या बाजूने भरच घालतो : सलग बलाची, म्हणजे अणू एकमेकांवर सतत बल लावतात असं धरून केलेली गणितं १९६० मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत व्हिनयार्ड यांच्या गटाने तांब्याच्या स्फटिकावर केली होती.

पण 'तीच रीत' मात्र मान्य नाही. कठीण गोल दोन टकरींमध्ये सरळ रेषेत जातो. पुढची टक्कर कधी होणार हे काढलं की मधला काळ ओलांडता येतो. आर्गॉनचे अणू एकमेकांना सतत ओढत-ढकलत असतात, तिथे ही सोय नाही. हैदराबादचे रहमान हे काम करताना अमेरिकेतल्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत होते (हे नाव वायूवरून नव्हे, फ्रान्समधल्या जंगलावरून आलेलं). त्यांनी सीडीसी ३६०० या संगणकावर दर १०⁻¹⁴ सेकंदाला प्रत्येक अणूवरचं बल नव्याने काढलं. ८६४ अणूंच्या जोड्या होतात ३,७२,८१६. सिग्माच्या (सिग्मा म्हणजे ढोबळमानाने अणूचा व्यास) २.२५ पटीपलीकडचं बल सोडून दिलं की एका अणूला जेमतेम ३८ शेजारी उरतात, म्हणून हे त्या यंत्राला झेपलं. याच मॉडेलचा संगणक १९६४ मध्ये मुंबईत टीआयएफआरलाही (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आला.

आणि निकाल खऱ्या द्रवाशी ताडून पाहता आला : ९४.४ केल्विनला विसरणांक (अणू द्रवात किती वेगाने पसरतात याचं माप) प्रयोगापेक्षा १५ टक्के कमी आला, आणि तो त्यांनी तसाच छापला. माझ्या लेखी रहमान यांचं मोठेपण इथे आहे. १९७१ मध्ये स्टिलिंजर यांच्याबरोबर पाण्याचे २१६ रेणू, १९८० मध्ये पारिनेल्लो यांच्याबरोबर आकार बदलणारी पेटी (गणितात अणू ज्या काल्पनिक पेटीत ठेवतात ती), ही त्याच वाटेवरची पुढची कामं.

लॅपटॉपवर जरूर चालवा. ८६४ म्हणजे ४ × ६³, तेव्हा ६×६×६ एफसीसी जाळी (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर अणू, म्हणजे दर घनाला ४ अणू) मांडा. यादृच्छिक वेग द्या आणि सरासरी वेग वजा करा, नाहीतर सगळा द्रवच एका दिशेला वाहत जाईल. जाळी वितळताना तापमान जवळपास निम्म्यावर येतं. ती चूक नव्हे, गतिज ऊर्जा स्थितिज ऊर्जेत जाते. वेग पुन्हा जुळवा, पण मोजणी सुरू झाल्यावर त्यांना हात लावू नका. विसरण मोजताना पेटीत दुमडलेले निर्देशक (एका बाजूने बाहेर गेलेला अणू दुसऱ्या बाजूने आत आणून लिहिलेली स्थानं) वापरले तर आलेख मध्येच सपाट होतो, म्हणून न दुमडलेले वेगळे साठवा.

घनतेत एक मेख आहे. पेटीची बाजू १०.२२९ सिग्मा आणि सिग्मा ३.४ अँगस्ट्रॉम धरून आजच्या अणुवस्तुमान एककाने हिशोब केला, तर घनता दर घन सेंटिमीटरला १.३६ ग्रॅम येते. रहमान यांच्या शोधनिबंधात ती १.३७४ आहे, कारण तिथे एकक १.६७४७ × १०⁻²⁴ ग्रॅम धरलंय. पेटी आणि घनता दोन्ही जुळत नाहीत म्हणून आपला प्रोग्रॅम उकरत बसू नका. पेटीची बाजू तीच ठेवा.